रेघेखालच्या चार ओळी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत आमच्या मंडळाचं कार्यालय होतं. दारावर 'नियतकालिक संपादक मंडळ' अशी पाटी होती. पण लोक पाटीवरचा शेवटचाच शब्द वाचायचे आणि गणपतीच्या मिरवणुकीत आपल्या गल्लीचा नंबर कितवा, हे विचारायला वर यायचे. काही जण खाली डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत आमच्या बाकावर येऊन टेकायचे. खरं काम घेऊन आलेला माणूस मात्र जिन्यावरच ओळखू यायचा. त्याच्या हातात कुठल्यातरी साप्ताहिकाचा घडी घातलेला अंक असायचा आणि एका मजकुराभोवती पेनानं गोल केलेला असायचा. पेन इतकं दाबलेलं असायचं, की कागद फाटायला आलेला.

मी या मंडळाचा कार्यालयीन चिटणीस. आयुष्यातली सोळा वर्षं मी त्या खोलीत काढली. जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या साप्ताहिकांचे आणि मासिकांचे संपादक आमचे सभासद. त्यांच्या नोंदणीचे अर्ज भरून देणं, टपाल सवलतीसाठी खेटे घालणं, कुणा संपादकाला गावगुंडानं दम दिला तर शिष्टमंडळ घेऊन पोलिसांकडे जाणं, ही आमची कामं. आणि त्याच संपादकाविरुद्ध कुणी तक्रार घेऊन आलं तर तीही ऐकायची. संपादकाला सांभाळणं आणि संपादकाला जाब विचारणं, दोन्ही एकाच टेबलावर चालायचं.

तक्रार ऐकायची आमची एक पद्धत होती. आम्ही तिला 'वाचन' म्हणायचो. संपादकानं तक्रारदारासमोर उभं राहायचं आणि आपण छापलेला मजकूर मथळ्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचा. बस, एवढंच. मग अध्यक्ष तीन प्रश्न विचारणार : हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही काय तपासलं? आणि काय गाळलं? निम्म्या तक्रारी प्रश्नांपर्यंत पोचायच्याच नाहीत. कागदावर वाघासारखं लिहिणारा माणूस, ज्याच्याबद्दल लिहिलं तो तीन हातांवर बसला असताना, दुसऱ्या ओळीतच पाणी मागायचा.

एकदा एका बँडमास्तरनं तक्रार केली. त्याच्या बँडनं मयताला लग्नातली चाल वाजवली, असं एका साप्ताहिकानं छापलं होतं. वाचनाला तो अकरा वाजंत्री घेऊन आला, सगळे लाल डगल्यात. संपादकानं कसंबसं वाचून संपवलं. अध्यक्षांनी विचारलं, "बोला मास्तर, हे खोटं आहे?"

"साफ खोटं! मयताला आमी लग्नाची चाल कवाच वाजीवली न्हाय," मास्तर उसळला. "लग्नात मयताची वाजीवली हुती. ती बी नवरीच्या चुलत्यानं सांगितली म्हणून! ह्येनी उलटं छापलंय."

पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच आकारात खुलासा आला. 'त्याच पानावर, त्याच आकारात' हा आमचा नियमच होता. मास्तरनं तो खुलासा काच लावून दुकानात टांगला.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला असे गमतीदार अनुभव लिहायला सांगितले होते. तसे आणखी वीस-पंचवीस सांगता येतील. पण लिहायला बसलं की प्रत्येक वेळी हात एकाच प्रकरणाकडे जातो. ते एकदा लिहून टाकतो.

त्यासाठी शुक्रवारचं पत्रक म्हणजे काय, ते सांगावं लागेल. नव्वदीच्या दशकात आमची बहुतेक साप्ताहिकं म्हणजे एकेका माणसाचा कारभार. संपादक तोच, मुद्रितं तपासणारा तोच, सायकलवरून अंक टाकणाराही तोच. त्याला जिल्हाभर बातमीदार कुठून परवडणार? म्हणून मंडळ दर शुक्रवारी बातम्यांचं एक पत्रक काढायचं. मी गावोगावची पत्रं आणि फोन घेऊन बातम्या लिहायच्या, आमच्या टायपिस्ट शिंदे आक्कांनी स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या आणि पाचच्या आत एस.टी. स्टँडवर पार्सलं द्यायची. बारा साप्ताहिकांना ते जायचं. बाहेर मात्र पत्रकाचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं होतं. बारा ठिकाणी एकाच माणसाची बातमी येते हे वाचकाला कळलं असतं, तर बाराही जणांची अब्रू गेली असती.

प्रत्येकाकडे जाहिराती बसवून उरलेली जागा वेगळी. म्हणून प्रत्येक बातमीत मी खालच्या बाजूला एक रेघ मारायचो. रेघेच्या वरचं छापायचंच; रेघेखालचं, जागा असेल तर. रेघेखाली सहसा हवापाण्याचा मजकूर असायचा. कार्यक्रमाला कोण कोण हजर होतं, आभार कुणी मानले, असलं काहीतरी.

एका शुक्रवारी सकाळी वारणेच्या बाजूच्या एका गावातून पत्र आलं. लस टोचल्यावर दीड वर्षाचं मूल दगावलं, सिस्टरनं हलगर्जी केली, असं मुलाच्या घरचे म्हणतात. मोठी बातमी होती. मी गावाच्या आरोग्य केंद्राला फोन लावला. सिस्टर फिरतीवर होती. निरोप आणि आमचा नंबर ठेवला आणि बातमी लिहायला घेतली. मथळा दिला : 'लस की विष?' खरं सांगतो, मथळा सुचला तेव्हा मी खूश झालो होतो.

साडेचारला फोन वाजला. सिस्टर बोलत होती. त्या दिवशी ती त्या गावात नव्हतीच. दुसऱ्या गावात शिबिरात होती, हजेरीपत्रक आहे. त्या मुलाच्या कार्डावर महिनाभरात एकही लस नाही. तापासाठी घरच्यांनी कुठल्यातरी फिरत्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं होतं. "लिवून घ्या साहेब," ती म्हणाली, "मी नोंदवही घिऊन कुठंबी येते."

मी लिहून घेतलं. स्टेन्सिल कापून तयार होतं. रेघही मारून झालेली. रेघेखाली थोडी जागा तेवढी शिल्लक होती. आक्का म्हणाल्या, "नवीन कापू का? तासभर लागंल."

तासभर म्हणजे एस.टी. चुकली. मी म्हणालो, "नको. राहिलेल्या जागेत घाला."

सिस्टरचं म्हणणं चार ओळींत बसलं. रेघेखाली.

नऊ साप्ताहिकांनी बातमी छापली. चार ओळी एकानंही नाही.

तीन आठवड्यांनी सिस्टर जिना चढून वर आली. चाळिशीची बाई, पांढरी साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नोंदवही. तिच्याकडे अंक एकच होता, इचलकरंजीच्या आण्णांच्या साप्ताहिकाचा. गावातला एक जण तिकडे यंत्रमागावर कामाला होता, त्यानं तो सुट्टीला येताना आणलेला. तिनं आण्णांविरुद्ध तक्रार लिहून दिली. मी पोच दिली. सही नेहमीसारखी आली.

आण्णा म्हणजे आमच्यातला सगळ्यांत सरळ माणूस. साठी ओलांडलेली, खिशाला दोन पेनं. कामगारांच्या चाळीत अंक वाचला जातो म्हणून शब्द न शब्द तपासणारे. वाचनाची पद्धत मंडळात त्यांनीच आणलेली. त्यांनी माझी रेघ बघितली आणि माझ्या भरवशावर खालचं काढून टाकलं.

वाचन बुधवारी होतं. अध्यक्षस्थानी वकीलसाहेब. ते कायद्याचं मासिक चालवायचे आणि सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. मी डाव्या हाताला, नोंदी घ्यायला. भिंतीपलीकडच्या शिकवणीत पोरं सनावळ्या घोकत होती.

आण्णांनी वाचायला सुरुवात केली. "लस की विष?" मथळ्यावर त्यांचा आवाज अडला. सगळी बातमी त्यांनी शांतपणे वाचली. वाक्य न वाक्य माझं. माझा शब्द दुसऱ्याच्या तोंडून, ज्या बाईबद्दल लिहिला तिच्यासमोर. मी वहीत काहीतरी लिहीत होतो. नंतर बघितलं, तर नुसती तारीख पाच वेळा लिहिली होती.

सिस्टर म्हणाली, "मला एकच इचारायचंय. मी फोन केलता. शुक्रवारी साडेचारला. कुणीतरी समदं लिवून घेतलं. मग त्यातलं एक अक्षर का न्हाय आलं?"

"कुठं केला होता फोन?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नंबर हाय की माझ्याकडं." तिनं नोंदवहीतून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

वकीलसाहेबांनी चिठ्ठी उचलली. टेबलावर आमचा फोन होता, आणि त्याच्यावर आक्कांनी मोठ्या अक्षरांत नंबर लिहून चिकटवला होता. वकीलसाहेबांनी चिठ्ठी बघितली. फोनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. चिठ्ठीची घडी घातली आणि ती वहीखाली सरकवली. मग आण्णांना विचारलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. पलीकडे पोरांची एक लढाई संपून दुसरी सुरू झाली होती. मला फक्त उठून 'मी' म्हणायचं होतं. वाटलं, मी बोललो तर पत्रक उघडं पडेल, मंडळ बुडेल. आज कबूल करतो, मंडळाचं नाव मी स्वतःला सांगायला घेत होतो. मला भीती माझी होती. नोकरी जाईल, आणि उद्यापासून याच जिन्यावरून मी माझ्याबद्दल छापलेला अंक हातात धरून चढेन, याची.

"कुणी का सांगितलं असंना," आण्णा म्हणाले. "अंकावर नाव माझं हाय."

"काय तपासलं?"

"काय न्हाय."

"काय गाळलं?"

"चार ओळी," आण्णा म्हणाले. "ह्या बाईंचं म्हणणं त्या चार ओळींत हुतं. मी काढलं."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. "का?"

"जागा नव्हती, बाई," आण्णा म्हणाले. एवढं बोलून ते खाली बसले.

निर्णय लगेच झाला. त्याच पानावर, त्याच आकारात खुलासा. आणि दुसरी बाजू माहीत असून गाळली म्हणून सहा महिने सभासदत्व स्थगित. निर्णय वाचून दाखवायचं काम चिटणीसाचं. मी उभा राहून वाचला. त्या दिवशी त्या खोलीत मी तोंड उघडलं ते तेव्हा पहिल्यांदा. दुसऱ्याच वाक्याला सिस्टरनं झटकन वर बघितलं.

जिन्यात तिनं मला गाठलं. "फोनवर तुमीच हुतासा न्हवं?"

मी बाजूनं खाली उतरायला लागलो.

"ऱ्हाऊ दे. भांडायला न्हाय आले." ती पायऱ्या अडवून उभी होती. "ही बातमी बाकीच्या पेपरात बी आलीया म्हणत्यात. आमच्याकडं बायका आता पोरं आणत न्हाईत. आधीच आमच्या घरचं पाणी न पिणारी दोन-चार घरं हैत गावात. त्येंस्नी तर बरंच झालं, आता कारण गावलंय. पुढच्या आठवड्यात, म्हंजे ह्यो सोडून त्याच्या पुढच्या रविवारी, पोलिओचा डोस हाय. त्याच्या आत काय करताय ते सांगा."

"सगळ्यांना खुलासा पाठवतो."

"छापत्याल?"

"छापतील."

"शब्द?"

"शब्द," मी म्हणालो.

हिशेब सोपा होता. परवाच्या शुक्रवारी पत्रकात खुलासा गेला, की पुढच्या गुरुवारच्या अंकांत येणार आणि रविवारच्या आत गावात पोचणार. एकच पत्रक हातात होतं.

शुक्रवारी मी खुलासा लिहिला. चांगला लिहिला होता. दुपारी वकीलसाहेब आले, उभ्यानंच वाचला. मग म्हणाले, "हे वर टाकलंस तर सगळे विचारणार, आमच्याविरुद्ध तक्रार कुठाय, आम्ही का माफी मागायची? मग सांगणार त्यांना, की बातमी तू लिहिलीस? मग आण्णाला आपण काय म्हणून बाहेर ठेवलंय?"

"मग टाकू नको?"

"टाकू नको असं म्हणालो का मी? टाक की." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "जागा बघून टाक."

ते गेल्यावर आक्कांनी विचारलं, "रेघेच्या वर घेऊ का खाली?"

आज मला वाटतं, माझ्या आयुष्यात मला एवढा साधा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. पहिल्या खेपेला घाई होती, एस.टी. होती, स्टेन्सिल कापून झालेलं होतं. या खेपेला स्टेन्सिल कोरं होतं आणि घड्याळात अडीच वाजले होते.

"खाली," मी म्हणालो.

आक्कांनी यंत्रावरची बोटं उचलली. "गेल्या टायमाला बी खालीच म्हणालासा."

मी खिडकीतून खाली बघत राहिलो. थोड्या वेळानं टाइपरायटर सुरू झाला.

गुरुवारी आण्णांचा अंक आला. खुलासा पहिल्या पानावर होता. मूळ बातमी तिसऱ्या पानावर आली होती, तरी. सांगितल्यापेक्षा दुप्पट मोठा. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'एका प्रामाणिक सेविकेची मी हात जोडून क्षमा मागतो.' बाकीच्या आठ अंकांत काहीच नव्हतं. रेघेखालच्या मजकुराला जागा असती, तर रेघ कशाला मारली असती?

रविवारी मी एस.टी.नं त्या गावाला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं होतं, त्यावर लशीचा निळा डबा. सिस्टर आणि अंगणवाडीच्या बाई बसल्या होत्या. अकरा वाजत आले होते. समोर कोणी नव्हतं. एवढं गाव, सुट्टीचा दिवस, आणि शाळेच्या अंगणात एक मूल नाही. सिस्टरनं मला बघितलं आणि नजर डब्याकडे वळवली.

नळाजवळ सात-आठ बायका उभ्या होत्या, दोघींच्या कडेवर पोरं. मी सरळ त्यांच्याकडे गेलो.

"मी कोल्हापूरहून आलोय. पेपरच्या कामातला आहे. सिस्टरांबद्दल आलेली बातमी चुकीची होती."

"कुणी सांगितलं?" एकीनं विचारलं.

"मीच लिहिली होती."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"म्हंजे पावणं, चुकीचं लिवणारं तुमीच आनि चुकलं म्हणून सांगत येणारं बी तुमीच?"

"घाईत झालं."

"आनि आज सवड गावली व्हय?"

कुणीतरी हसलं. घागर भरत बसलेली एक म्हातारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "तवा छापलासा ते खोटं. मग आत्ता बोलताय ते खरं कशावरनं? सिस्टरनं आणलं असंल ह्येला गाडीभाडं दिऊन."

मी आणखी बोलायला लागलो. हजेरीपत्रक, शिबिर, कार्ड. जितकं बोलत गेलो, तितक्या बायका मागं सरकत गेल्या. कडेवरचं पोर एकीनं पदराखाली घेतलं. तेवढ्यात मागून सिस्टरचा आवाज आला.

"साहेब, तुमी जावा." ती टेबल सोडून आली होती. आवाज चढवला नव्हता. "तुमी हितं उभारलासा, तर जी चार येणार हुती ती बी यायची न्हाईत."

मी रस्त्यापलीकडच्या एस.टी.च्या शेडमध्ये जाऊन बसलो. गाडी दीडला होती. अर्ध्या तासानं एक बाई मूल घेऊन शाळेच्या रोखानं आली. फाटकाजवळ तिला मी दिसलो. ती थांबली. मी उठलो आणि शेडच्या मागं जाऊन उभा राहिलो, भिंतीला पाठ लावून, तिला दिसणार नाही असा. बाई आत गेली का माघारी फिरली, ते मला कळलं नाही. गाडीचा आवाज येईपर्यंत मी तिथून हललो नाही.

पुढच्याच आठवड्यात इचलकरंजीला आण्णांकडे गेलो. त्यांचा छापखाना मागाच्या शेडला लागून. खटाखटीत शेजारच्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागायचं. आण्णा छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या आवरत होते.

"अंक बंद करतोय," ते ओरडून म्हणाले.

"सहाच महिन्यांचा प्रश्न आहे, आण्णा!"

"मंडळाचं न्हाय रं. माझंच मन उडालं. आता पान लावताना काय काढतोय आनि काय ठेवतोय, कळंना झालंय."

"मी सगळं सांगतो! सभेत उभं राहून!" मी ओरडलो. "ती चूक माझी होती!"

"काय?"

"चूक माझी होती!"

आण्णांनी पेटी खाली ठेवली आणि माझ्या कानाजवळ आले. "पयल्यांदाच ऐकलं मी. बरं ओरडतोस की. बुधवारी एवढा मोठा आवाज नको हुता, हळू बोलला असतास तरी चाललं असतं." मग ते परत पेट्यांकडे वळले. मला चहा पाजला, स्टँडपर्यंत सोडायला आले, पण त्या विषयावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. मी सभेत उभा राहिलो नाही. अंक बंद झाला तो झाला. काही वर्षांनी आण्णाही गेले.

मी एक केलं. पत्रकातली रेघ काढून टाकली. ज्याच्यावर आरोप असेल, त्याचं म्हणणं पहिल्या तीन ओळींत आलंच पाहिजे, नाहीतर बातमी पत्रकात घ्यायची नाही, असा नियम मंडळात मंजूर करून घेतला. पुढं दोन हजारनंतर पत्रक संगणकावर गेलं, ई-मेलनं जायला लागलं, पण नियम राहिला. दुसऱ्या जिल्ह्यांतली मंडळं तो आमच्याकडून घेऊन गेली. मी मंडळ सोडताना या नियमासाठी माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि वकीलसाहेबांचं भाषण. नियम कसा सुचला ते दोन शब्दांत सांगा, असा आग्रह झाला. मी म्हणालो, "अनुभवातून." टाळ्या वाजल्या. नियमाचा मला अभिमान आहे, आजही आहे. टाळ्या आठवल्या की मात्र जेवण जात नाही.

हा लेख लिहायचा ठरल्यावर सिस्टरला शोधून काढलं. त्या प्रकरणानंतर तीन वर्षं तिनं त्याच गावात काढली होती, मग बदली. आता निवृत्त होऊन मुलाकडे राहते. दार तिनंच उघडलं. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही, आणि बसा म्हणायलाही.

मी कशासाठी आलोय ते सांगितलं. ती म्हणाली, "लिवा की. पण माझं नाव नको. नाव पुन्यांदा छापून आलं, की मान्सं खुलासा वाचत न्हाईत. आधी बातमीच आठवत्यात." सोळा वर्षं मी याच धंद्यात होतो, कुणी हे इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

चहा आला. मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं. "त्या रविवारी किती मुलं आली?"

"एकोणीस. यादीत शंभरावर हुती." तिला आठवावं लागलं नाही. "बाकीची मी घरोघरी जाऊन पाजली. कुणी दार लावून घेतलं, कुणी कुत्रं सोडलं. अकरा दिवस लागलं. ऱ्हायलं एक."

"एक?"

"आठ महिन्याचं हुतं. आज्जी दारातच बसायची. चार खेपा घातल्या मी. शेवटपतोर न्हाय दिलं पोर."

मी कप खाली ठेवला. "त्याचं काय झालं?"

"काय व्हायचंय? काय न्हाय झालं. मोठा झाला, आता कालिजात जातोय, हिरोहोंडा उडवतोय." ती हसली. मग पदरानं कपाळ पुसून म्हणाली, "पण मला तवा ते कुठं ठावं हुतं? ते चालाया लागंस्तोवर मी रोज त्या गल्लीतनंच जायची. काम असू दे, नसू दे. जायची आनि त्याचं पाय बघायची."